पृथ्वीला बूच लावताना

जमिनीत एक भोक पाडलं आणि काम झाल्यावर तसंच सोडून दिलं, तर ते किती वर्षं उघडं राहील? दहा? पन्नास? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अशी भोकं आहेत, की ती पाडणाऱ्यांची नातवंडंही आता हयात नसतील. कुठे दाट जंगलात, कुठे ओढ्याच्या पात्रात, कुठे लोकांच्या परसात, तर काही चक्क घरांखाली. त्यातल्या कित्येकांतून आजही मिथेन वायू बाहेर पडतो आहे. तो दिसत नाही. त्याला वासही नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे अशा भोकाशेजारी उभं राहूनही तुम्हाला काही कळणार नाही.

ही सगळी भोकं म्हणजे सोडून दिलेल्या तेलाच्या आणि वायूच्या विहिरी. त्या बुजवायच्या कशा, हे ऐकायला मी बसलो तेव्हा वाटलं होतं, वरून सिमेंट ओतायचं, झालं! पण सिमेंट वरून ओतता येत नाही. आणि त्याआधी विहीर सापडावी लागते, तेच मुळात एक दिव्य आहे.

पण सुरुवात भोकापासूनच करू. टायटसव्हिल नावाच्या गावी 1859 मध्ये एडविन ड्रेक नावाचा माणूस तेलासाठी जमीन खणत होता. पूर्वी तो रेल्वेत कंडक्टर होता. खणायला लागलं की पाणी आणि वाळू आत यायची आणि खड्डा ढासळायचा. गावकरी हसत होते. ड्रेकने मग लोखंडी नळी ठोकत ठोकत खाली कातळापर्यंत नेली आणि त्या नळीच्या आतून छेद घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बोअर मारताना वरच्या भुसभुशीत थरात केसिंग टाकतात ना, तीच युक्ती. 27 ऑगस्टला साडेएकोणसत्तर फुटांवर छेद थांबला आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो विहिरीत तेल चढलेलं. साडेएकोणसत्तर फूट! मराठवाड्यातला शेतकरी पाण्यासाठी याच्या कितीतरी पट खोल जातो.

त्यानंतर जे झालं त्याला झुंबड हा शब्दही अपुरा आहे. जवळच्याच पिटहोल भागात जानेवारी 1865 मध्ये तेल लागलं आणि वर्षभराच्या आत तिथे सुमारे 15,000 वस्तीचं शहर उभं होतं. हॉटेलं होती, नाटकघर होतं. तेल आटलं, आगी लागल्या, माणसं पुढच्या तेलामागे गेली. 1877 मध्ये त्या शहराचा शहर म्हणून दर्जाच काढून घेण्यात आला. आज तिथे गवताळ टेकडी आहे. शहर गेलं, विहिरी मात्र कुठे जाणार? आणि त्यांची नोंद तरी कोण ठेवणार? पेनसिल्व्हेनियात नवी विहीर खणायला परवाना लागू लागला तो 1956 पासून. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं ज्याला वाटेल त्याने वाटेल तिथे छेद घेतला. त्या राज्यात सोडून दिलेल्या विहिरी किती असाव्यात याचे अंदाज तीन लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत जातात. अंदाजातच चार-साडेचार लाखांचा फरक!

आता जरा खाली जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पेनसिल्व्हेनियातलं हे तेल आणि वायू ज्या वालुकाश्मांत सापडले ते साधारण 36 ते 38 कोटी वर्षांपूर्वीचे. डायनासोर अवतरायला तेव्हा अजून तेरा-चौदा कोटी वर्षं होती. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची शरीरं गाळात गाडली गेली, उष्णतेने आणि दाबाने शिजली, त्यांतून तेल आणि वायू झाले. वायू हलका, त्याची धाव सतत वर. मग इतका काळ तो खाली थांबला कसा? त्याला अडवलं कोणी?

अडवलं चिखलाने. म्हणजे चिखलाचा दगड होऊन बनलेल्या शेल नावाच्या खडकाने. पण खडकाला छिद्रं असतात, वायू त्यातून निसटायला हवा. इथे निसर्गाची कारागिरी बघा. शेलमधली छिद्रं इतकी बारीक असतात की मिलिमीटरचे लाखो भाग करावेत तेव्हा त्यांचं माप लागावं. या छिद्रांत पाणी अडकलेलं असतं. इतक्या बारीक जागेत पाण्याचा पृष्ठताण अचाट प्रबळ होतो आणि वायूच्या बुडबुड्याला आत शिरूच देत नाही. थोडक्यात, कोट्यवधी वर्षं या वायूवर जे झाकण होतं ते खडकापेक्षा त्यातल्या पाण्याचं जास्त होतं. हे झाकण पोलादी टाकीच्या भिंतीपेक्षा टिकाऊ ठरलं. आणि मग आपण त्यातून आठ-दहा इंचांचं भोक आरपार नेलं.

त्या काळात विहीर बंद करण्याची कल्पना नव्हती असं नाही. सुरुवातीच्या कायद्यांत बूच मारायला सांगितलं होतं, पण का, ते ऐकाल तर हसाल. वरचं पाणी भोकातून खाली उतरून तेलाचे थर बुडवू नये म्हणून! तेलापासून पाण्याला वाचवायचं हा विचार फार नंतरचा. बूच म्हणजे तरी काय, तर हाताला येईल ते: झाडाचे बुंधे, ओंडके, दगड, चिखल, मेलेली जनावरंही विहिरीत ढकलल्याचं नमूद आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली आणि जुन्या विहिरींतल्या नळ्या भंगारासाठी उपसून काढल्या गेल्या. म्हणजे ज्या नळीने भोकाच्या भिंती निदान सावरल्या होत्या, तीही गेली.

इतकं सगळं होऊनही या विहिरींकडे वैज्ञानिकांचं लक्ष गेलं ते अगदी अलीकडे. मेरी कांग या संशोधिकेने प्रिन्स्टन विद्यापीठात असताना पेनसिल्व्हेनियातल्या 19 सोडलेल्या विहिरींवर बंद पेट्या ठेवून आत किती मिथेन साचतो ते मोजलं. 2014 मध्ये निष्कर्ष आले. मधल्या क्रमाची विहीर दिवसाला जेमतेम सव्वा ग्रॅम मिथेन सोडत होती. एवढंच? थांबा. 19 पैकी तीन विहिरी त्याच्या सुमारे हजारपट सोडत होत्या. बाहेरून बघून यातली दांडगी कोणती आणि गरीब कोणती हे सांगणं अवघड. म्हणून तर एकेक शोधून मोजावी लागते.

मिथेनची एवढी धास्ती का, तेही सांगून टाकतो. हवेत तो कार्बन डायऑक्साइडच्या मानाने अगदी थोडा आहे, दर दहा लाख भागांत दोनहूनही कमी. पण वीस वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो. दिलासा एवढाच, की तो फार टिकत नाही. हवेतल्या रासायनिक क्रियांमुळे साधारण दशकभरात मोडून जातो. आज गळती थांबवली तर तिचा परिणाम आपल्याच हयातीत दिसू शकतो. मात्र अतिशयोक्ती नको. अमेरिकेच्या एकूण मिथेनमध्ये या विहिरींचा वाटा लहान आहे, गुरांचा आणि चालू तेल-वायू उद्योगाचा कितीतरी मोठा. पण ज्याच्या घराखाली अशी विहीर आहे आणि ज्याच्या पिण्याच्या पाण्यात वायू उतरतो आहे, त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

तर, शोध. वर झाडी माजलेली, नोंद नाही, मालक नाही. कसं शोधणार?

इथे पृथ्वी स्वतःच चुगली करते. पोलादाची लांब नळी जमिनीत उभी राहिली की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात ती हळूहळू स्वतःच चुंबक बनून जाते. तिला कोणी चुंबक केलेलं नसतं, नुसतं उभं राहून ती तशी होते! मग ड्रोनला किंवा हेलिकॉप्टरला चुंबकमापक टांगायचा आणि जंगलावरून पट्ट्यापट्ट्याने फिरवायचा. जिथे विहीर, तिथे नकाशावर गोल ठिपका उमटतो. शेंड्यांवरून जाणाऱ्या यंत्राला जमिनीखालची गंजलेली नळी कळते, आणि खाली चालणाऱ्या माणसाला पायाखाली असूनही कळत नाही.

पण नळी भंगारात गेली असेल तर? मग वेगळे डाव. विमानातून लेझरचे झोत टाकून झाडांखालच्या जमिनीचा उंचसखलपणा टिपतात. विहिरीसाठी सपाट केलेली जागा शंभर वर्षांनीही सपाटच दिसते. जुने विमानी फोटो उकरतात. आणि जुने नकाशे! अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर तेलविहीर म्हणजे एक छोटं पोकळ काळं वर्तुळ. शाळेतल्या भूगोलाच्या नकाशावर विहिरीचं चिन्ह शोधायचो तसलंच काम, फक्त नकाशे हजारो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ते संगणकाला शिकवलं. 1947 ते 1992 दरम्यानच्या नकाशांतून कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमातल्या फक्त चार काउंट्यांत नोंदच नसलेल्या 1,301 संभाव्य विहिरी त्याने दाखवून दिल्या. या चारांत लॉस एंजेलिसही आहे. हॉलिवूडचं ते शहर एके काळी तेलविहिरींचं जंगल होतं.

विहीर सापडली. आता बूच. ट्रकवर बसवलेला उंच मनोरा येतो, त्याला सर्व्हिस रिग म्हणतात. पहिलं काम साफसफाईचं, आणि बहुतेकदा सगळ्यात किचकट काम हेच. तुटलेल्या नळ्या, तारदोर, पूर्वजांनी प्रेमाने कोंबलेले ओंडके. शेकडो फूट खाली, अंधारात, हातभरही रुंदी नसलेल्या जागेत काय अडकलं आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. मग मेण किंवा शिशासारख्या मऊ धातूचा ठोकळा खाली सोडून त्या वस्तूवर दाबतात, वर काढून त्यावरचा ठसा वाचतात आणि त्या ठशावरून तिला पकडायचं हत्यार ठरवतात. मला तर विहीर खणणाऱ्यांपेक्षा ही ठसे वाचणारी माणसं जास्त हुशार वाटतात.

विहीर तळापर्यंत मोकळी झाली की सिमेंट. वरून ओतलं तर काय बिघडलं? विहिरीत पाणी असतं. ओतलेलं सिमेंट त्यातून खाली जाताना पातळ होतं, फुटतं, भिंतींना चिकटतं. तळाला पोचतो तो नुसता गढूळ रेंदा. म्हणून आधी एक बारीक नळी थेट हव्या त्या खोलीपर्यंत सोडतात आणि तिच्यातून सिमेंटचं दाट मिश्रण पंपाने ढकलतात. ते नळीच्या तळाशी बाहेर येतं आणि नळीच्या भोवतीच्या पोकळीतून वर चढू लागतं. किती चढू द्यायचं? गवंडी भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतो, दोन टोकांना ते आपोआप सारख्या उंचीवर येतं. तसंच इथे नळीच्या आतलं आणि बाहेरचं सिमेंट सारख्या उंचीवर आणून ठेवायचं. मग नळी अगदी सावकाश वर ओढायची. तिने सोडलेली जागा सिमेंट अलगद भरून काढतं, खळबळ नाही, पाण्याशी मिसळणं नाही. हजारो फूट खालचा हा तोल वर उभा असलेला माणूस फक्त आकडेमोड आणि दाबाचे काटे यांवर सांभाळतो.

आणि सिमेंट पाण्याखाली घट्ट कसं होतं? कारण ते वाळून घट्ट होतच नाही. पाणी त्यात रासायनिकरीत्या बांधलं जातं आणि त्याचे स्फटिक एकमेकांत गुंफतात. म्हणून तर आपण स्लॅब टाकल्यावर त्याला सुकू देण्याऐवजी पाणी मारत राहतो. खोल विहिरीत अडचण उलटी असते: खाली उष्णता जास्त, सिमेंट नळीतच थिजायचं भय. त्यावर घट्ट होणं लांबवणारी द्रव्यं मिसळतात. यातलं एक भलतं प्रभावी द्रव्य तुमच्या स्वयंपाकघरात आहे, साखर. थोडीशी साखर पडली तरी सिमेंट घट्ट व्हायला नकार देतं. काम फसलंच तर टाकीतलं सिमेंट थिजू नये म्हणून साखर हाताशी ठेवण्याची तेलक्षेत्रातली रीत जुनी आहे.

एकच लांबच लांब बूच सहसा मारत नाहीत. वायूच्या थरापाशी एक, पिण्याच्या पाण्याच्या थराला ओलांडून एक, जमिनीजवळ एक, आणि मधल्या जागेत बेंटोनाइटचा दाट लगदा. बेंटोनाइट म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातकुळीतली, पाणी पिऊन फुगणारी माती. प्रत्येक बूच घट्ट होईपर्यंत थांबायचं, मग नळी पुन्हा खाली सोडून त्याच्यावर टेकवायची आणि वजन टाकायचं. रुतली तर काम पुन्हा.

कधी गळती विहिरीच्या आतून नसतेच. पोलादी नळी आणि खडक यांच्या मधल्या फटीतून वायू वर येत असतो. तिथे पोचायचं तर पोलादाला आतून भोकं पाडायला हवीत. यासाठी लहान स्फोटकं खाली सोडतात. त्यांची रचना अशी, की स्फोटाने धातूचं अस्तर दाबलं जाऊन त्याचा सुईसारखा झोत सुटतो, सेकंदाला काही किलोमीटर वेगाने, आणि पोलाद पार करून पलीकडच्या खडकात शिरतो. दुसऱ्या महायुद्धात बझुका या रणगाडाभेदी अस्त्रामागे हेच तत्त्व होतं. रणगाडे फोडायची विद्या वायूची गळती थांबवायला कामाला लागली! त्या भोकांतून मग सिमेंट दाबाने बाहेरच्या फटीत घुसवतात.

शेवटी नळीचं डोकं जमिनीखाली तीनेक फुटांवर कापायचं आणि माती लोटायची. पण या मातीचंही औषधपाणी करावं लागतं. तेलाबरोबर जमिनीतून अतिखारं पाणी वर येतं आणि वर्षानुवर्षं ते आजूबाजूला सांडलेलं असतं. मिठातलं सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं. मातीचा पोत मोडतो, वर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्यांना हे समजावून सांगायला नको, त्यांनी चोपण जमीन पाहिली आहे. उपायही तोच, जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं आणि सोडियम पाण्याबरोबर निचरून जातं. मग ट्रकांनी दाबून ठेवलेली जमीन खोल नांगरायची, वर सुपीक माती पसरायची आणि तिथल्याच गवताचं बी पेरायचं.

खर्च? सुमारे 19,500 विहिरींचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती बुजवायला मध्यम खर्च 20,000 डॉलर. जमीनही सुधारायची तर 76,000. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने या कामाला 470 कोटी डॉलर मंजूर केले. भागाकार करून बघा, जमिनीसकट धरलं तर 62,000 विहिरींपाशी पैसे संपतात. आणि मालक नसलेल्या, सरकारदप्तरी नोंद असलेल्याच विहिरी लाखाच्या वर आहेत. यात माझा राग कशावर असेल तर एका आकड्यावर: संघराज्याच्या जमिनीवर खणणाऱ्या कंपनीने विहीर बुजवण्याची हमी म्हणून किमान ठेवायची रक्कम 1960 मध्ये 10,000 डॉलर ठरली आणि 2024 पर्यंत तशीच राहिली. विहीर सोडून पळणं बुजवण्यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर कोण बुजवेल? आपल्याकडे मुंबई हायमध्ये तेल लागलं 1974 मध्ये. तिथल्या विहिरीही म्हाताऱ्या होत चालल्या आहेत आणि त्या तर समुद्राखाली. भारताच्या आयकर कायद्यात कलम 33 एबीए आणलं गेलं ते नेमकं याचसाठी. विहीर चालू असतानाच कंपनीने पुढच्या निस्तरणीचे पैसे स्टेट बँकेत वेगळे ठेवायचे आणि करसवलत घ्यायची.

आता मला पडलेला शेवटचा प्रश्न. हे बूच किती वर्षं टिकायला हवं? पुलाचं आयुष्य शंभर वर्षं धरतात, धरणाचंही तसंच काहीसं. नॉर्वेच्या तेलविहिरींसाठीचं अधिकृत मानक मात्र सांगतं, की कायमची बंद करायची विहीर अनंतकाळ नजरेसमोर ठेवून बंद करावी. अनंतकाळ! अभियांत्रिकीच्या कागदात! आणि जे सिमेंट वापरून हे साधायचं त्याचा शोध लागून जेमतेम दोनशे वर्षं झाली आहेत.

सिमेंटची खोडही आहे. घट्ट होताना ते किंचित आकसतं आणि पोलादाच्या कडेने केसापेक्षा बारीक फट राहू शकते. वायूला तेवढी पुरते. त्या फटीत पुन्हा सिमेंट घालावं तर जात नाही, कारण सिमेंटचे कणच फटीपेक्षा मोठे. मग तिथे कोण शिरेल?

मॉन्टाना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यासाठी जिवाणू निवडला. स्पोरोसार्सिना पाश्चरी नावाचा हा जिवाणू मातीत राहतो आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाचा असतो, त्यामुळे पाण्याबरोबर फटीत आरामात जातो. तो युरिया फोडतो. त्यातून कार्बोनेट तयार होतं, सोबत कॅल्शियम दिलेलं असलं की दोघांची गाठ पडून कॅल्शियम कार्बोनेटचे खडे जमतात. शिंपले ज्याचे बनतात, तेच. खडे वाढत वाढत फट भरते आणि जिवाणू आपण केलेल्या दगडात आपणच चिणले जातात. अलाबामातल्या गॉर्गस इथल्या विहिरीवर 2014 मध्ये हा प्रयोग प्रत्यक्ष झाला आणि दगडातून पाणी ढकलणं खरोखरच अवघड होत गेलं. हजार फुटांहून जास्त खोलीवर या गवंड्यांना कामाला लावायला लागलं काय, तर कॅल्शियमचं मीठ आणि युरिया. तोच, कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळतो तो.